प्लगचा बीट स्वप्नाळू होण्याऐवजी गढूळ का होतो?

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका तरुणाचा आहे आणि तो थोडक्यात असा: घरच्या लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्लग आणि प्लगएनबी या रॅपच्या धाटणीचे बीट, म्हणजे गाण्यामागचे वाद्यसंगीत, बनवतो. हेडफोनवर ऐकताना हवी ती तरंगती, धूसर हवा तयार झाल्यासारखी वाटते; पण तोच बीट मोबाइलवर लावला की बेस नाहीसा होतो, मित्राच्या गाडीत लावला की सगळे एकमेकांत मिसळून गढूळ होते, आणि ओळखीच्या डॉल्बीवाल्याकडे लावून पाहिला तेव्हा नुसता घुमारा ऐकू आला. महागडी प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची जादा वाद्ये आणि साधने) घेतल्याशिवाय हा आवाज मिळणार नाही, असे मित्रांचे म्हणणे आहे. शिवाय आजोबांकडच्या जुन्या मराठी तबकडीतला एक तुकडा बीटमध्ये वापरावा आणि वर मराठीतच गावे अशी त्याची इच्छा आहे. ते कितपत जमेल आणि कायद्यात बसेल का, हेही त्याने विचारले आहे.

कोल्हापुरात माझा छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ आहे. भजनी मंडळे, शाहिरी, नाट्यगीते आणि जाहिराती हे माझे नेहमीचे काम. पण गेली काही वर्षे स्वतःचे बीट घेऊन येणारी मुले वाढली आहेत, आणि त्यातली बरीच याच धाटणीकडे ओढली जातात. हे संगीत मला मनापासून आवडते, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात तक्रारी तीन दिसतात, पण मला त्यांच्यामागे एकच कारण दिसते. स्वप्नाळूपणा हा आवाजावर वरून चढवायचा थर आहे असे तुम्ही धरून चालला आहात, आणि म्हणून तो कमी वाटला की आणखी एक पॅड (लांब धरलेले मऊ सूर), आणखी एक रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा), आणखी एक डिले (प्रतिध्वनी) चढवता आहात. या संगीतातली ती हवा मुळात स्वरांच्या मांडणीतून आणि मोकळ्या सोडलेल्या जागेतून येते; रिव्हर्बचे काम ती जागा कानाला दाखवण्यापुरते असते. जागाच भरून टाकली असेल तर रिव्हर्बला दाखवण्यासारखे काही उरत नाही आणि तो भरलेल्या जागेत आणखी भर घालतो. अर्थात तुमचे बीट मी ऐकलेले नाहीत. हेडफोन कोणते, खोली कशी, सॅम्पल (आधीच मुद्रित केलेले आवाज) कुठली यांवर पुढे दिलेले आकडे इकडेतिकडे सरकतील. आकड्यांपेक्षा त्यामागचे कारण लक्षात ठेवले तर ते तुमच्या बीटला लावून पाहता येईल.

हे संगीत कोणत्या परिस्थितीत घडले तेही पाहावे, कारण प्लगइनच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. याच्या तळाशी असलेला ८०८ चा बेस रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रमचे आवाज काढणाऱ्या यंत्रातून आला. ते यंत्र १९८० ते १९८३ या काळात बनले, सुमारे १२,००० नग निघाले आणि उत्पादन थांबले. त्यातल्या बास ड्रमचा आवाज लांबवता येत असे आणि लांबवला की ठोका न राहता तो एक स्वर होत असे. अटलांटाच्या ट्रॅप संगीताने पुढे त्या लांबवलेल्या स्वरावरच आपली इमारत उभी केली. २०१० च्या आसपास न्यू जर्सीमधला क्लॅम्स कॅसिनो हा फिजिओथेरपीचा विद्यार्थी घरी बसून बीट करत होता आणि मायस्पेसवरून अनोळखी रॅपरांना पाठवत होता. त्यातूनच कॅलिफोर्नियाच्या लिल बी याच्याशी त्याचे काम जुळले. इमोजन हीप या गायिकेचा आवाज कापून आणि ताणून त्याने केलेल्या बीटपासून पुष्कळांनी धूसरपणाचा धडा घेतला, आणि त्या प्रवाहाला क्लाउड रॅप हे नाव पडले. प्लग त्यानंतरचा, २०१० च्या दशकाच्या मध्यावर साउंडक्लाउड या संगीताच्या संकेतस्थळावर वाढलेला. अटलांटाचा मेक्सिकोड्रो आणि त्याच्या बीटप्लगझ या गटाने त्याला आकार दिला, आणि रॅपर प्लेबॉय कार्टीची २०१५ च्या सुमाराची काही गाणी त्याच बीटवर उभी आहेत. रॅपर गुची मेनबरोबर काम करणारा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा झेटोव्हन याचा पियानो ज्याने ऐकला आहे, त्याला प्लगमधल्या सुरावटीचे मूळ लगेच कळते. पुढे त्यात १९९० आणि २००० च्या दशकांतल्या आर अँड बी संगीताच्या रुंद कॉर्ड मिसळल्या आणि प्लगएनबी झाला. लुइझियानाचे समर्स आणि ऑटम हे त्यातले ओळखीचे आवाज.

या सगळ्यांत समान काय आहे, तर साधने थोडी होती. ल्युक्सोनिक्स कंपनीचे प्युरिटी हे जुने, साध्या तयार आवाजांचे प्लगइन या धाटणीत इतके वापरले गेले की त्यातल्या घंटा, बासऱ्या आणि इलेक्ट्रिक पियानो हीच तिची ओळख झाली. ते आवाज स्वतः बारीक आणि हलके आहेत, मोठ्या सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखे भरघोस नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याभोवती जागा राहते. महागड्या प्लगइनमधले आवाज बहुधा एकटे ऐकताना भव्य वाटावेत अशा बेताने बनवलेले असतात. असे चार आवाज एकत्र आले की गढूळपणा तिथेच सुरू होतो. त्यामुळे तूर्त काही विकत घेऊ नका. एफएल स्टुडिओमधल्या फ्लेक्समध्ये पुरेशा घंटा आणि पियानो आहेत, व्हायटल हा सिंथ मोफत आहे, रिव्हर्बसाठी व्हॅलहालाचे सुपरमॅसिव्ह मोफत आहे, आणि कोणत्या पट्टीत गर्दी झाली आहे ते डोळ्यांनी पाहायला व्होक्सेंगोचे स्पॅनही मोफत मिळते.

आता स्वरांकडे येतो, आणि इथे जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळे इथेच ठरते.

घरात हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर समोर घ्या आणि पट्ट्या सीपासून मोजा. उजव्या हाताने मध्य सप्तकातली पांढरी चार आणि पांढरी सहा, आणि वरच्या सप्तकातली पांढरी एक आणि पांढरी तीन, अशा चार पट्ट्या एकत्र दाबा आणि तशाच धरून ठेवा. आता डाव्या हाताने खालच्या सप्तकातली पांढरी दोन दाबा. पांढरी दोनला षड्ज मानले तर उजव्या हातातले स्वर अनुक्रमे कोमल गंधार, पंचम, कोमल निषाद आणि रिषभ होतात. पाश्चात्त्य भाषेत ही डी मायनर नाइन्थ झाली, आणि तिच्यात जी हुरहूर आहे ती तुम्ही या धाटणीत पुष्कळदा ऐकली असेल. उजवा हात अजिबात न हलवता डावा हात पांढरी चारवर न्या. तेच चार स्वर आता षड्ज, शुद्ध गंधार, पंचम आणि शुद्ध निषाद झाले. ती एफ मेजर सेव्हन्थ, आणि खोलीत एकदम उजेड आल्यासारखे होते. उजवा हात तसाच ठेवून डावा हात काळी पाचवर न्या. आता वरचे स्वर पंचम, शुद्ध निषाद, रिषभ आणि तीव्र मध्यम ठरतात, म्हणजे ज्यांच्या कानावर यमन आहे त्यांना हे घर लगेच ओळखू येईल.

वरचे काहीच बदलले नाही आणि तरी तीन वेगळे भाव मिळाले. तरंगण्याची जी जाणीव तुम्ही रिव्हर्बमधून काढू पाहता आहात, ती इथून येते: वर काही हलत नाही, पण त्याचा अर्थ खालून बदलत राहतो आणि कानाला पक्के टेकायला जागा मिळत नाही. स्वर तेच ठेवून षड्ज हलवण्याची कल्पना आपल्याकडच्या मूर्च्छनेत आहेच, त्यामुळे गाणे शिकलेल्या माणसाला हे परके वाटायचे कारण नाही.

या मांडणीचा मिक्सला, म्हणजे सगळ्या आवाजांच्या एकत्र जुळणीला, होणारा फायदा मोठा आहे. ते चार स्वर साधारण ३५० ते ६६० हर्ट्झच्या (सेकंदाला कंपनांच्या) दरम्यान बसतात. षड्ज बदलण्याचे काम ८०८ करतो आणि तो खाली आहे: पांढरी चार सुमारे ४४ हर्ट्झला, काळी पाच ५८ ला आणि पांढरी दोन ७३ ला. मधला सगळा पट्टा रिकामा राहिला, आणि पुरुषी आवाजाचे मूळ स्वर बरेचसे त्याच पट्ट्यात येतात. म्हणजे गायकासाठी जागा आधीच राखली गेली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गढूळ बीटमध्ये याच्या उलट घडलेले असते: पॅडवर कॉर्ड दोन्ही हातांनी, खालच्या सप्तकापासून वरपर्यंत भरलेली असते, त्यात मूळ स्वर दोनदा येतो, आणि त्याच मूळ स्वरावर ८०८ पण असतो. जवळजवळचे स्वर खालच्या सप्तकात एकत्र वाजवले की ते स्वर म्हणून ऐकूच येत नाहीत, त्यांची गुरगुर होते, आणि कोणतेही ईक्यू (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणारे साधन) ती पूर्ण काढू शकत नाही. म्हणून माझा साधा दंडक असा, की साधारण २०० हर्ट्झच्या खाली ८०८ आणि गायक यांच्याशिवाय कोणीही नको, आणि मूळ स्वर वरच्या कॉर्डमध्ये पुन्हा वाजवायचा नाही. तुमचा जो बीट सर्वांत गढूळ आहे तो उघडा, त्यातली रिव्हर्ब आणि डिले सगळी बंद करा आणि फक्त एवढी दुरुस्ती करून ऐका. कोरडा असतानाही तो थोडा तरंगायला लागला पाहिजे. तसे झाले नाही तर स्वर अजून जागेवर आलेले नाहीत असे समजा आणि पुढे जाऊ नका.

पुढचा भाग वेळेचा. हे बीट साधारण १४० ते १६० बीपीएमला (मिनिटाला मात्रांना) लिहिले जातात, पण क्लॅप (टाळी) किंवा स्नेअर (कडक ठोक्याचा ड्रम) दर चारांतल्या तिसऱ्या मात्रेवर पडत असल्यामुळे कानाला निम्मी गती वाटते. १५० बीपीएम धरले तर एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची आणि चार मात्रांचा एक बार १.६ सेकंदांचा होतो. म्हणजे दोन क्लॅपमध्येही १.६ सेकंदांचे अंतर राहते. संगीत श्वास घेते ते या अंतरात. तिथे प्रत्येक वेळी हाय-हॅटचा (झांजेचा) रोल, पर्कशन किंवा उलटा फिरवलेला आवाज भरायची घाई नको. ड्रम कोरडे आणि पुढे ठेवा, क्लॅपला अगदी थोडी खोली द्या, किक आणि ८०८ ला तर रिव्हर्ब अजिबात नको. धूसर सुरावटीच्या पुढे कोरडे, जवळचे ड्रम असले तरच मागची सुरावट लांब वाटते. दोन्ही लांब ठेवले तर अंतर मोजायला कानाकडे काही राहत नाही.

रिव्हर्ब मग कसा लावावा? प्रत्येक ट्रॅकवर वेगळा न लावता मिक्सरच्या एका वेगळ्या ट्रॅकवर एकच रिव्हर्ब ठेवा आणि सुरावटीची एक प्रत सेंडने (मिक्सरमधल्या जोडणीने) तिथे पाठवा. त्या रिव्हर्बच्या आधी ईक्यू लावून साधारण ३५० हर्ट्झच्या खालचे आणि सात-आठ हजार हर्ट्झच्या वरचे कापून टाका. प्री-डिले, म्हणजे रिव्हर्ब सुरू होण्याआधीची उसंत, २५ किंवा ५० मिलिसेकंद ठेवा. १५० बीपीएमला हे आकडे मात्रेच्या सोळाव्या आणि आठव्या भागाइतके येतात, त्यामुळे घंटेचा पहिला टणत्कार स्वच्छ ऐकू येतो आणि तिची छाया लयीत मागून येते. रिव्हर्ब विरायला लागणारा वेळ किती असावा, हे मात्र तुमच्या कॉर्डवर अवलंबून आहे. वेळ पाच सेकंद ठेवला तर एका कॉर्डची छाया पुढचे तीन बार रेंगाळते. कॉर्डमधले वरचे स्वर दर बारला बदलत असतील तर तीन कॉर्डची छाया एकमेकींवर पडते आणि चिकचिक होते. तिथे दीड-दोन सेकंदांच्या पुढे जाऊ नये. पण वर सांगितल्याप्रमाणे वरचे चार स्वर तेच राहणार असतील, तर मागची छाया पुढच्या कॉर्डमध्ये बेसूर ठरतच नाही, आणि तुम्ही खुशाल लांब रिव्हर्ब लावू शकता. मांडणी बरोबर असली की रिव्हर्बची मोकळीक वाढते ती अशी.

एक गोष्ट बरीच मुले विसरतात. शेवटी मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या ट्रॅकवर, लिमिटर दाबून आवाज वाढवला जातो, तेव्हा ठोक्यांची उंच टोके दबतात आणि त्यांच्यामागचे हळू आवाज, म्हणजे रिव्हर्बची छाया, तेवढे वर येतात. लिमिटरशिवाय नेमका वाटलेला रिव्हर्ब लिमिटरनंतर दुप्पट वाटतो. म्हणून रिव्हर्बची पातळी लिमिटर चालू ठेवूनच ठरवा, आणि आवाजाच्या शर्यतीत पडू नका. स्पॉटिफाय सर्व गाणी मूळ सेटिंगला सुमारे उणे १४ एलयूएफएस (जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) या पातळीला आणून वाजवते, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे तिथे खालीच आणले जाते आणि दाबल्याचा तोटा तेवढा शिल्लक राहतो.

इथपर्यंतचे धरले तर क्रम असा झाला: आधी वरचे स्वर स्थिर आणि हलके, मग ८०८ चे चालणे, मग कोरडे ड्रम, आणि सर्वांत शेवटी एकच स्वच्छ केलेला रिव्हर्ब. तुम्ही बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करता आहात.

मोबाइलवर बेस नाहीसा होण्याचे कारण सरळ आहे. फोनचा स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच वाजवू शकत नाही, आणि तुमचा ८०८ बराचसा ४० ते ७५ च्या दरम्यान आहे. तो मोठा करून फोनवर ऐकू येणार नाही, फक्त गाडीत जास्त घुमेल. मात्र मानवी कानाचा एक गुण उपयोगी पडतो: एखाद्या स्वराचे वरचे उपस्वर ऐकू आले की मूळ स्वर प्रत्यक्ष नसला तरी मेंदू तो भरून घेतो. म्हणून ८०८ ची एक प्रत वेगळ्या ट्रॅकवर घ्या, तिचा १५० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, उरलेल्याला सॅच्युरेशन (उपस्वर वाढवणारी हलकी विकृती) द्या आणि मूळ ८०८ खाली हळूच मिसळा. फोनवर बेसची चाल समजेल आणि मोठ्या स्पीकरवर खालचा भाग स्वच्छ राहील. ८०८ चे सॅम्पल कोणत्या स्वराचे आहे ते ट्यूनरने तपासा. फाइलच्या नावात स्वर लिहिलेला असला तरी तपासा, कारण बेस पाव स्वराने जरी उतरलेला असला तरी वरची सुंदर कॉर्ड आजारी वाटते आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. एफएलच्या चॅनल सेटिंगमधला कट इटसेल्फ हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे नवा ठोका पडला की आधीची शेपटी तिथेच तुटेल. गाडीतला तुमचा गढूळपणा मुख्यतः एकमेकांवर चढलेल्या ८०८ च्या शेपट्यांचा असावा, असा माझा कयास आहे.

तुमचा मिक्स एकदा मोनोमध्येही ऐका. पॅड रुंद करण्याचे काही मार्ग डाव्या आणि उजव्या बाजूचे आवाज एकमेकांविरुद्ध उलटवून काम करतात, आणि दोन्ही बाजू एकत्र झाल्या की ते आवाज एकमेकांना खोडून टाकतात. डॉल्बीवरच्या चाचणीचे मात्र फार मनावर घेऊ नका. त्या भिंती मिरवणुकीसाठी, बेस मुद्दाम चढवून लावलेल्या असतात, आणि महाद्वार रोडसारख्या दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या रस्त्यावर रस्त्याचाच घुमारा गाण्याच्या रिव्हर्बमध्ये मिसळतो. हे संगीत हेडफोनवर, रात्री एकट्याने ऐकण्यासाठी जन्मले आहे, आणि विसर्जन मिरवणुकीत ते उठून दिसले नाही म्हणून ते सपक ठरत नाही. डॉल्बीवर एवढेच तपासा की ८०८ चे सगळे स्वर सारख्या जोराने येतात की एखादाच अंगावर येतो.

मराठीत गाण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: गावे, आणि स्वतःच्या बोलीत गावे. कोल्हापुरी बोलणे रांगडे, ठसठशीत, आणि हे संगीत तर पुटपुटल्यासारखे, त्यामुळे दोघांचे जमणार नाही अशी भीती मी मुलांकडून ऐकतो. ती मला पटत नाही. माइकजवळ येऊन, घरात कोणी झोपलेले असताना बोलतो त्या पट्टीत गायले की तीच बोली मऊ होते आणि तिचा हेल लयीला उपयोगीच पडतो. तांत्रिक बाबी दोन-तीनच सांभाळाव्या लागतात. ठ, ध, भ, फ यांच्या श्वासाचा फटकारा जवळच्या माइकवर आदळतो, म्हणून पॉप फिल्टर हवाच. स, श, च यांची शीळ रिव्हर्बमध्ये गेली की ती पसरून सगळ्या बीटवर वाळू सांडल्यासारखी ऐकू येते, म्हणून शीळ कमी करणारे डी-एसर रिव्हर्बच्या आधी लावा, नंतर नाही. ओळीचा शेवटचा शब्द शक्यतो स्वरान्त ठेवा. ‘गेली’, ‘तुझ्याकडे’, ‘राहिलो’ असे शेवट डिलेमध्ये सुंदर विरतात, तर ‘पाऊस’ किंवा ‘एकटाच’ यांच्या शेवटी शीळच मागे उरते. ऑटोट्यून (सूर आपोआप जुळवणारे साधन) वापरणार असाल तर त्याला गाण्याचे स्वर नीट भरून द्या, आणि मींडेच्या जागा असतील तिथे त्याचा वेग कमी करा, नाहीतर दोन स्वरांमधला सरकता रस्ता पायऱ्यांसारखा तुटतो.

तंबोऱ्याचा विचार अनेकांच्या मनात येतो आणि तुमच्याही येईल. मिरज आपल्यापासून जवळ, तिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जवारी लागलेल्या तंबोऱ्याचा झंकार धूसरपणाला साजेसा आहे यात शंका नाही. पण तंबोरा अखंड एकच षड्ज सांगत असतो, आणि वर सांगितलेली सगळी करामत षड्ज हलण्यावर उभी आहे. दोन्ही एकत्र आणले की एक दुसऱ्याला खोटे पाडतो. तंबोरा घ्यायचा तर ८०८ एकाच स्वरावर ठेवा आणि हालचाल वरच्या सुरावटीत करा. रागदारीच्या आलापाचे सॅम्पल वापरतानाही हेच लागू आहे, कारण गायकाचा षड्ज ठरलेला असतो.

आता आजोबांची तबकडी. ध्वनीच्या बाजूने ही कल्पना फार चांगली आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीवर खाली १०० हर्ट्झच्या आसपास आणि वर पाच-सहा हजार हर्ट्झच्या पलीकडे फारसे काही नसते, त्यामुळे तो आवाज ८०८ आणि हाय-हॅट यांच्या मधल्या जागेत आपोआप बसतो. अडचण सुराची येते: जुन्या तबकड्यांची गती आणि वाद्यांची पट्टी आजच्या ४४० हर्ट्झच्या मोजमापाशी जुळेलच असे नाही, आणि षड्ज दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी पडतो. तो तुकडा आधी सेंटमध्ये (एका पट्टीच्या शंभराव्या भागात) मोजून जवळच्या पट्टीवर आणा, मगच कॉर्ड लिहा. गती कमी करून आवाज उतरवायचा असेल तर तीन पट्ट्या खाली आणताना गती मूळच्या सुमारे ८४ टक्के होते, हे धरून बीपीएम ठरवा.

कायद्याच्या बाजूने मात्र हक्क एक नसतो, तीन असतात: ध्वनिमुद्रणाचा, चालीचा आणि शब्दांचा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो, तर चाल आणि शब्द यांचे हक्क संगीतकार आणि कवी यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे. उदाहरण देतो. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट १९३२ चा. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क केव्हाच संपला, आणि संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चालींवरचा हक्कही २०१५ अखेर संपला. याउलट १९६० च्या एखाद्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० अखेर संपलेला असला, तरी तिचे शब्द गदिमांचे असतील तर ते १९७७ मध्ये गेल्यामुळे शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहील. आजोबांकडे तबकडी आहे म्हणजे ती ऐकण्याचा हक्क आहे; त्यातला तुकडा गाण्यात घालून प्रकाशित करण्याचा हक्क त्याने मिळत नाही. यूट्यूबची आपोआप जुळणी करणारी यंत्रणा कापलेला, उतरवलेला तुकडाही पुष्कळदा ओळखते आणि मग गाण्याचे उत्पन्न दुसऱ्याकडे वळते.

तबकडीवर वर्ष छापलेले नसेल तर क्रमांक आणि गायक-संगीतकारांची नावे लिहून पाठवा, त्यावरून साल काढता येईल. हक्क शिल्लक आहेत असे निघाले तर शब्द आणि चाल दोन्ही सोडून द्या आणि त्या धाटणीचा स्वतःचा आलाप गाऊन घ्या. गायन समाज देवल क्लबच्या या गावात, जिथे अल्लादिया खाँसाहेब राहिले, तिथे चांगला गळा शोधायला लांब जावे लागणार नाही. गाणाऱ्याला मानधन द्या, आवाज कशासाठी वापरणार ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि आलाप पांढरी चार किंवा पांढरी दोन अशा ठरलेल्या पट्टीत, तंबोरा हेडफोनमध्ये ठेवून कोरडा मुद्रित करा. मग त्याचा १०० च्या खालचा आणि ५,००० च्या वरचा भाग कापा, थोडे सॅच्युरेशन द्या आणि गती उतरवा. तबकडीतला जो आवाज तुम्हाला खुणावतो आहे त्याच्या बराच जवळ पोहोचाल, आणि त्याचे तीनही हक्क कोणाकडे आहेत हे कागदावर असेल.